जीपला डीआय इंजिन बसवल्यापासून बॅटरी टिकत नाही (एमएम ५४०, यावल)

केळीवाला_यावल

नमस्कार मंडळी. माझ्याकडे महिंद्रा एमएम ५४० आहे, वडिलांनी घेतलेली. मूळचं २११२ सीसीचं प्युजो इंजिन पार थकलं होतं, म्हणून बोलेरोचं २५२३ सीसीचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन बसवून घेतलं. इंजिनाबद्दल तक्रार नाही. पाल गावाकडे सातपुड्यात चढताना जिथे जुनं इंजिन मान टाकायचं तिथे हे आरामात तिसऱ्यात ओढतं. इंजिन उतरवलंच होतं म्हणून त्याच वेळी चेसी घासून रंगवून घेतली.

भानगड चार्जिंगची आहे. बॅटरी नवीन आहे, ८० अँपिअर-अवरची. तरी दोन-तीन दिवस गेले की सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टक-टक. अल्टरनेटर (बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) इंजिनाबरोबर आलेलाच होता. तो दोन महिन्यांत बंद पडला, रेग्युलेटर (त्यातला व्होल्टेज आवरणारा भाग) गेला असं गॅरेजवाल्याने सांगितलं. मग दुसरा ६५ अँपिअरचा टाकला. हा चार्ज करतोय असं दिसतं, कारण डॅशबोर्डवरच्या जुन्या अँपिअर मीटरचा काटा प्लसकडे असतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये छोटा व्होल्टमीटर लावलाय, तो दिवसा १३.२ दाखवतो, रात्री हेडलाइट लावले की १२.३.

गाडीचा वापर बहुतेक शेतापुरता. आठवड्यातले काही दिवस शेतीची लाइट रात्रीची असते, तेव्हा मोटार चालू करायला जावं लागतं. अंतर थोडं, रस्ता खड्ड्यांचा, पूर्ण वेळ हेडलाइट. गाडी क्वचितच तिसऱ्याच्या वर जाते. गॅरेजवाला आता म्हणतो अजून मोठा, ९० अँपिअरचा अल्टरनेटर टाकू. पैसे घालायला हरकत नाही, पण रोग समजल्याशिवाय औषध नको. जाणकारांनी सांगावं.

रावेर_फाटा

भाऊ, फॅनबेल्ट बघितला का? माझ्या पिकअपला बेल्ट ढिला होता तेव्हा असंच व्हायचं. अंगठ्याने दाबून बघा, साधारण एक सेंटिमीटर दबला पाहिजे.

केळीवाला_यावल

बघितला. बेल्ट नवा आहे, ताण बरोबर आहे, लाइट लावून रेस दिली तरी चिरका आवाज येत नाही.

शहादा_तोरणमाळ

ताणाबरोबर बेल्टचा सेक्शनही बघा, हे राहून जातं. माझ्या जीपला इंजिन एकाचं आणि अल्टरनेटरची पुली भलतीचीच होती. ए सेक्शनचा बेल्ट वरून १३ मिलीमीटर असतो, बी सेक्शनचा १७. पिठाच्या चक्कीवर जसा पट्टा पुलीच्या दोन्ही भिंतींना धरतो तसाच इथेही धरला पाहिजे. बारीक पट्टा रुंद खाचेत टाकला तर तो तळाला टेकतो, वरून ताठ दिसतो आणि लोड आला की आतल्या आत सरकतो. खाचेचा तळ चकचकीत झालेला दिसला तर समजायचं पट्टा तळाला घासतोय.

पण तुमचा अल्टरनेटर याच इंजिनाच्या जातीचा असेल आणि क्रँकची पुली मूळची असेल, तर इथे घोळ असायचं कारण नाही.

भुसावळ_ऑटोइलेक्ट्रिक

केळीवाले भाऊ, ९० अँपिअरचा अल्टरनेटर मुळीच घेऊ नका. एकही नवा पार्ट घेऊ नका. आधी मोजा.

तुम्ही दिलेल्या माहितीत मला तीन गोष्टी खटकल्या. पहिली, सॉकेटमधला व्होल्टमीटर. तो बॅटरीचा व्होल्टेज सांगत नाही, त्या सॉकेटपर्यंत पोचलेला व्होल्टेज सांगतो. मधे इग्निशन स्विच आहे, फ्यूज आहे, जुनी वायर आहे. दुसरी, जुना अँपिअर मीटर अजून लाइनमध्ये आहे. म्हणजे अल्टरनेटरचा सगळा करंट डॅशबोर्डपर्यंत जाऊन मग बॅटरीकडे परत येतोय. तिसरी, चेसी रंगवली.

साधा मल्टिमीटर आणा, डीसी २० व्होल्टवर ठेवा. इंजिन चालू, रेस थोडी वाढवून साधारण १५०० आरपीएमवर धरा, हेडलाइट हाय बीमवर, ब्लोअर असेल तर तोही चालू. लोड असल्याशिवाय मोजलं तर सगळं छान दिसतं आणि माणूस फसतो. मग हे बघा:

एक, बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर किती. प्रोब शिशाच्या खांबालाच लावा, वरच्या क्लॅम्पला नको.
दोन, अल्टरनेटरच्या मागच्या जाड नटावर, म्हणजे बी प्लसवर, लाल प्रोब आणि अल्टरनेटरच्या ॲल्युमिनियमच्या बॉडीवर काळा. किती.
तीन, एक प्रोब बी प्लसवर, दुसरा बॅटरीच्या प्लसवर.
चार, एक प्रोब अल्टरनेटरच्या बॉडीवर, दुसरा बॅटरीच्या मायनसवर.

तिसरं आणि चौथं रीडिंग शून्याच्या जवळ पाहिजे. प्लसच्या बाजूला ०.३ पर्यंत चालतं, अर्थिंगच्या, म्हणजे मायनसला परत जाण्याच्या वाटेच्या, बाजूला ०.२ च्या आत हवं. हात, बाही आणि प्रोबच्या वायरी फॅन-बेल्टपासून लांब ठेवा. एकट्याने करू नका, रेस धरायला कोणीतरी बसवा.

धुळ्याना_भाऊ

भाऊ, पहिले अर्थिंग देख. मन्ही गाडीले बी आसंच व्हयनं व्हतं. रंग मारा की अर्थिंग गयं समजा. बाकी बठ्ठं नंतर.

चाळीसगावची_मी

भुसावळच्या दादांनी सांगितलेल्या चारही मापांबद्दल एक विचारते. माझा टेम्पो आहे, इंजिन बदललेलं नाही, तरी ही मापं तशीच घ्यायची का? आणि केळीवाले भाऊ, तुमच्या अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप आहे का? आमच्या गाडीचा अल्टरनेटर त्या पंपातून आलेल्या तेलाने खराब झाला होता.

भुसावळ_ऑटोइलेक्ट्रिक

हो ताई, मापं तीच. १२ व्होल्टची कुठलीही गाडी घ्या.

व्हॅक्यूम पंपाचा मुद्दा तुम्ही फार चांगला काढलात. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा इनटेकमध्ये व्हॅक्यूम तयार होत नाही, म्हणून ब्रेक बूस्टरसाठी वेगळा पंप लागतो आणि या इंजिनांच्या बऱ्याच अल्टरनेटरच्या पाठीलाच तो बसवलेला असतो. त्याला इंजिनातून बारीक पाइपने तेल येतं आणि जाड पाइपने परत इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरमध्ये जातं. इंजिन दुसऱ्या गाडीत बसवताना परतीचा पाइप दाबला गेला किंवा वाकला, तर तेल साचतं, सील सोडतं आणि अल्टरनेटरच्या आत शिरतं. कार्बन आणि स्लिप रिंगवर (आतल्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे घासते तुकडे आणि कड्या) तेल आणि कार्बनची भुकटी मिळून काळा लगदा होतो. मग चार्जिंग कधी येतं, कधी जातं. नवा अल्टरनेटर टाकला तरी काही महिन्यांत तेच, कारण पाइप तसाच असतो.

केळीवाले भाऊ, अल्टरनेटरच्या मागच्या जाळीवर बोट फिरवून बघा. कोरडी धूळ लागली तर बरं. तेलकट लागलं तर आधी तो पाइप.

केळीवाला_यावल

जाळी कोरडी आहे. परतीचा पाइपही सरळ उतरलाय, कुठे दाबलेला नाही.

मल्टिमीटर फैजपूरहून आणला. पुतण्याला रेस धरायला बसवलं. रीडिंग अशी:

बॅटरीवर १२.७५
बी प्लस ते अल्टरनेटर बॉडी १४.३०
बी प्लस ते बॅटरी प्लस ०.९५
अल्टरनेटर बॉडी ते बॅटरी मायनस ०.६०

अजून एक गोष्ट लक्षात आली, ती सांगतो. गाडी गरम असताना सेल्फ जड फिरतो. मी समजत होतो बॅटरी कमी म्हणून. आज सेल्फ मारून झाल्यावर ॲक्सिलरेटर केबलला हात लागला तर ती चांगलीच गरम होती, इंजिनाजवळच्या टोकाला धरवेना. सायलेन्सरपासून ती लांब आहे. याचा काही संबंध?

अमळनेरी

संबंध काय विचारता, हाच रोग आहे! मी इलेक्ट्रिकलचा माणूस, गाड्यांचा नाही, पण आकडे बघून राहवलं नाही.

तुमची तीन आणि चार नंबरची बेरीज करा: ०.९५ अधिक ०.६० म्हणजे १.५५. अल्टरनेटरवर १४.३० आहे, त्यातून १.५५ वजा केले की बरोबर १२.७५, जे बॅटरीवर आलं. म्हणजे अल्टरनेटर चोख आहे. त्याने १४.३ दिले, वाटेत दीड व्होल्ट वायरींनी खाल्ले. या अल्टरनेटरचा रेग्युलेटर स्वतःच्या आतल्या व्होल्टेजवर चालतो. त्याला १४.३ दिसतात, त्याच्या दृष्टीने काम पूर्ण झालं. बॅटरीला किती पोचलं हे त्याला कळायला मार्गच नाही. १२.७५ व्होल्टवर शिशाची बॅटरी चार्ज होत नाही, जेमतेम आहे तशी राहते. ती भरायची तर १३.८ ते १४.४ लागतात.

म्हणूनच मोठा अल्टरनेटर टाकूनही उपयोग नव्हता. वायरीचा रोध तोच राहिला असता.

आणि केबल गरम होण्याचं कारण: सेल्फचा शेकडो अँपिअरचा करंट इंजिनाच्या ब्लॉकमधून बॅटरीच्या मायनसला परत जायला वाट शोधतो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं, रबरातून करंट जात नाही. अर्थिंगची पट्टी नीट लागली नसेल तर तो मिळेल त्या धातूतून जातो. तुमच्या गाडीत त्याला ॲक्सिलरेटर केबल सापडली, थोडा प्रॉपेलर शाफ्टमधूनही जात असेल. हे धोक्याचं आहे भाऊ. केबलचं आतलं प्लास्टिक वितळून ॲक्सिलरेटर अडकू शकतो. अर्थिंग होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका.

भुसावळ_ऑटोइलेक्ट्रिक

अमळनेरी साहेबांनी अगदी बरोबर मांडलं. आता करायचं काय ते सांगतो.

अर्थिंग आधी. इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून चेसीला एक विणलेली पट्टी किंवा जाड केबल असेल. तिचा चेसीकडचा बोल्ट खोला. तुम्ही चेसी रंगवली म्हणता, तर बोल्टखाली रंग असणार. एमरी पेपरने लगच्या (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) आकाराएवढी जागा पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासा, स्टार वॉशर टाका, बोल्ट घट्ट करा आणि मग वरून ग्रीस किंवा व्हॅसलिन लावा. ग्रीस जोडणी झाल्यावर वरून, आत नाही. बॅटरीच्या मायनसची केबल जिथे चेसीला येते तिथेही हेच करा. जमलं तर बॅटरीच्या मायनसपासून थेट गिअरबॉक्सच्या बोल्टला एक ३५ स्क्वेअर मिलीमीटरची केबल टाका. सेल्फचा करंट तिच्यातून जाणार आहे, तिथे बारीक वायर चालणार नाही.

मग प्लसची बाजू. जीपची मूळ वायरिंग त्या काळच्या छोट्या अल्टरनेटरला आणि दोन हेडलाइटला पुरेशी होती. ती खराब नाही, पण ६५ अँपिअरसाठी ती बनवलेलीच नव्हती. हिशेब बघा. ४ स्क्वेअर मिलीमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला साधारण ४.६ मिलीओहम. इंजिनापासून डॅशबोर्ड आणि तिथून परत बॅटरी धरली तर पाच मीटर सहज होते. ३० अँपिअरला तिथेच ०.७ व्होल्ट गेले. वर अँपिअर मीटरचे दोन नट, कपलर (वायरी जोडायचा प्लग), जुने लग. तुमचे ०.९५ असे तयार झाले. म्हणजे त्या वायरीत जवळपास ३० वॅट उष्णता होतेय, ती पण डॅशबोर्डच्या मागे.

१६ स्क्वेअर मिलीमीटरची केबल अल्टरनेटरच्या बी प्लसपासून सरळ बॅटरीच्या प्लसला न्या. दोन मीटरमध्ये काम होतं. ५० अँपिअरला तिच्यात जेमतेम ०.१२ व्होल्ट पडतो. बॅटरीजवळच्या टोकाला ८० अँपिअरचा फ्यूज हवाच. केबल कुठे घासली आणि फ्यूज नसेल तर बॅटरी ती केबल लाल करून टाकेल. लग दाबायला हायड्रॉलिक क्रिंपर असलेल्या दुकानात जा, पक्कडने दाबलेला लग वर्षात सैल होतो.

बी प्लसवरची जुनी वायर काढून टाका आणि डॅशबोर्डला फीड बॅटरीकडून वेगळ्या फ्यूजमधून द्या. जुना अँपिअर मीटर डॅशबोर्डवर राहू द्या, वडिलांची आठवण आहे, पण लाइनमधून बाहेर काढा. त्याच्या दोन्ही वायरी एकत्र जोडून वरून श्रिंक स्लीव्ह चढवा. त्याच्याजागी व्होल्टमीटर लावला तर जास्त उपयोगी. अँपिअर मीटरचा काटा प्लसकडे होता म्हणून तुम्हाला चार्जिंग चालू वाटत होतं, पण ते पुरेसं आहे की नाही हे तो सांगू शकत नाही.

काम सुरू करण्याआधी बॅटरीचं मायनस काढा. बी प्लसवर कायम करंट असतो, पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते.

केळीवाला_यावल

आज केलं. चेसीकडचा बोल्ट खोलला तर लगखाली चकचकीत काळा रंग, त्यावर वॉशरचा नुसता गोल ठसा, कुठेही लोखंड उघडं नाही. पट्टी नवी, बोल्ट नवा, घट्ट बसलेला, बघणाऱ्याला शंका येणार नाही. घासून जोडली. मायनसपासून गिअरबॉक्सला नवीन केबलही टाकली. सेल्फचा आवाजच बदलला, एका झटक्यात इंजिन सुरू.

बी प्लसची नवी केबल टाकली, अँपिअर मीटर बाजूला काढला. त्याचा मागचा एक लग काळा पडला होता आणि वायरीचं इन्सुलेशन बोटभर लांबीत कडक होऊन तडकलेलं.

आता त्याच लोडवर: बॅटरीवर १४.१४, प्लसचा ड्रॉप ०.१२, अर्थिंगचा ०.०४. ॲक्सिलरेटर केबल थंड.

भुसावळचे दादा, अमळनेरी साहेब, मनापासून आभार. पण गोष्ट संपलेली नाही. काल संध्याकाळी बॅटरी भरलेली, इंजिन बंद करून तासाने मोजली तेव्हा १२.६५. सकाळी १२.२. गाडी जागची हललेली नाही.

शहादा_तोरणमाळ

१२.२ म्हणजे बॅटरी निम्म्यावर आली. गाडी बंद असताना काहीतरी पितंय. जुन्या प्युजोला हिटर प्लग (थंड इंजिन सुरू करण्याआधी तापवणारे) होते, त्याची रिले (करंट चालू-बंद करणारा खटका) डीआयला लागत नाही, पण बऱ्याचदा वायरिंगमध्ये तशीच लटकत राहते. ती चिकटली असेल का?

केळीवाला_यावल

हिटर प्लगची वायर बॅटरीकडूनच तोडून टेप लावलेली आहे, ती बघितली.

भुसावळ_ऑटोइलेक्ट्रिक

मग आता गळती मोजा. चावी काढा, सगळे दिवे बंद, बॅटरीचं मायनस सोडवा. मल्टिमीटरची लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात घाला, मीटर १० अँपिअरवर. एक टोक बॅटरीच्या मायनस खांबाला, दुसरं सोडवलेल्या केबलला. अशा जोडणीत सेल्फ कधीही मारू नका, चावीही फिरवू नका, मीटरचा फ्यूज जाईल. तुमच्या गाडीत ना कॉम्प्युटर ना सेंट्रल लॉक, तर रीडिंग जवळपास शून्य हवं. नव्या गाड्यांनाही ५० मिलीअँपिअरच्या वर नको.

आणि मीटर लावायच्या आधी एक साधी परीक्षा. मायनस जोडलेलं, इंजिन बंद, चावी खिशात. एक हलका स्क्रूड्रायव्हर अल्टरनेटरच्या पुलीच्या मधल्या नटाजवळ न्या. काय होतं ते सांगा. तुमचा पहिला रेग्युलेटर लवकर गेला म्हणालात, त्यावरून मला एक शंका आहे.

केळीवाला_यावल

दादा, स्क्रूड्रायव्हर नटाला खटकन चिकटला! मायनस काढलं तर सुटून पडला. गळतीचं रीडिंग ३.१ अँपिअर.

भुसावळ_ऑटोइलेक्ट्रिक

सापडला. रोटरमध्ये, म्हणजे अल्टरनेटरच्या फिरत्या भागात, रात्रभर चुंबक तयार होतोय. म्हणजे अल्टरनेटरला सुरुवातीची चालना देणारी बारीक वायर, कपलरमधली, कोणीतरी इग्निशनऐवजी कायम चालू लाइनला जोडली आहे. ३.१ अँपिअर म्हणजे आठ तासांत २५ अँपिअर-अवर गेले, तुमच्या बॅटरीचा जवळपास तिसरा हिस्सा.

हे का होतं ते सगळ्यांसाठी सांगतो, कारण इंजिन बदललेल्या निम्म्या गाड्यांत मला हे दिसतं. अल्टरनेटर फिरायला लागला की लगेच वीज बनत नाही. आधी रोटरला थोडा करंट देऊन चुंबक तयार करावा लागतो. मूळ गाडीत हा करंट इग्निशन स्विचमधून, चार्जिंगच्या लाल दिव्याच्या बल्बमधून, अल्टरनेटरच्या डी प्लस किंवा एल टर्मिनलला जातो. तो बल्ब नुसता सूचना देण्यासाठी नाही, तो त्या सर्किटचा रोध आहे. अल्टरनेटर चालू झाला की दोन्ही बाजूंना सारखाच व्होल्टेज येतो आणि दिवा विझतो.

जुन्या डॅशबोर्डवर असा दिवा नसतो. फिटरला वायर कुठे जोडायची ते सापडत नाही, तो जवळच्या चालू लाइनला मारतो. गाडी चार्ज करते, गिऱ्हाईक निघून जातं. जुन्या धाटणीच्या रेग्युलेटरमध्ये मग रोटर रात्रंदिवस गरम होत राहतो. काही रेग्युलेटरमध्ये दिवा चालवणारा छोटा ट्रान्झिस्टर असतो, त्याला मधे बल्ब नसताना थेट १२ व्होल्ट मिळाले की तो जळतो. तुमचा पहिला अल्टरनेटर त्यानेच गेला असावा असं मला वाटतं.

इलाज स्वस्त आहे. ती वायर कायम लाइनवरून सोडवा. इग्निशनच्या लाइनवरून फ्यूज घेऊन १२ व्होल्ट ३ वॅटच्या साध्या बल्बमधून द्या. बल्ब डॅशबोर्डवर दिसेल असा बसवा. एलईडी लावू नका, त्यातून पुरेसा करंट जात नाही आणि मग इंजिन सुरू झाल्यावर एकदा जोरात रेस दिल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही. एलईडीच हवा असेल तर त्याला समांतर ५० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर जोडा.

रावेर_फाटा

दादा, बल्ब फ्यूज झाला तर चार्जिंग बंद?

भुसावळ_ऑटोइलेक्ट्रिक

बऱ्याच अल्टरनेटरना उरलेल्या थोड्या चुंबकत्वावर जास्त रेसला चालना मिळते, पण भरवशाचं नाही. म्हणून चावी फिरवल्यावर दिवा लागतो का ते रोज बघायचं. लागला नाही तर गाडी हलवण्याआधी बल्ब बदला.

शहादा_तोरणमाळ

याच वायरीचा दुसरा प्रकार माझ्याकडे झाला होता. माझी वायर इग्निशनला होती पण मधे बल्ब नव्हता, थेट. तोरणमाळहून उतरलो, चावी बंद केली, तरी इंजिन चालूच! डिझेलच्या पंपावरचा स्टॉप सोलेनॉइड (करंट गेला की डिझेल तोडणारा खटका) इग्निशनच्या लाइनवर होता. चावी बंद केली तरी फिरणारा अल्टरनेटर त्याच वायरीतून उलटा करंट इग्निशन लाइनला देत होता आणि सोलेनॉइड धरून राहत होता. शेवटी गिअरमध्ये टाकून ब्रेक दाबून बंद करावी लागली. नंतर बल्ब टाकला आणि एक अँपिअरचा साधा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) लावला, त्यावरची पट्टी अल्टरनेटरकडे. तेव्हापासून चावी फिरवली की गप. ज्यांचा डिझेल पंप ओढायच्या केबलने बंद होतो त्यांना हा त्रास नाही.

चाळीसगावची_मी

काही अल्टरनेटरवर एस नावाचंही टर्मिनल असतं. ते कुठे जातं?

अमळनेरी

ताई, ते बॅटरीचा खरा व्होल्टेज रेग्युलेटरला कळवण्यासाठी. मी वर जे लिहिलं की रेग्युलेटरला बॅटरीचं कळत नाही, ते एस नसलेल्यांबद्दल. एस असेल तर फ्यूज लावून थेट बॅटरीच्या प्लसला जोडा. इग्निशनच्या जुन्या लाइनवरून दिलं आणि तिथे एक व्होल्ट पडत असेल, तर रेग्युलेटरला वाटतं बॅटरी कमी आहे आणि तो १५ च्या वर ढकलतो. मग पाणी उकळून बॅटरी संपते.

केळीवाला_यावल

बल्ब बसवला. वायर खरोखरच चावीच्या मागच्या कायम चालू टर्मिनलला होती. चावी दिली की दिवा लागतो, सुरू झाली की विझतो. चावी काढल्यावर गळती मीटरवर ०.०० आणि स्क्रूड्रायव्हर चिकटत नाही.

आता दोन प्रश्न. रात्री शेतावर जाताना आयडलवर (रेस न देता) आणि पहिल्या-दुसऱ्यात किती चार्जिंग अपेक्षित धरायचं? आणि आज भर दुपारी १३.८ च दाखवत होता, सकाळी १४.२. काही बिघडतंय का?

भुसावळ_ऑटोइलेक्ट्रिक

दुपारचं काही बिघडलेलं नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात बॉनेटखाली काय असेल विचार करा. रेग्युलेटर गरम झाला की व्होल्टेज मुद्दाम कमी करतो, कारण गरम बॅटरीला जास्त दिला तर पाणी उडतं. उन्हाळ्यात १३.८ उत्तम. पाणी मात्र पंधरवड्याला बघा, डिस्टिल्डच घाला, बोअरचं नको.

रात्रीचं गणित असं. ६५ अँपिअर हा आकडा अल्टरनेटर पूर्ण वेगात फिरतो तेव्हाचा. डिझेलच्या आयडलला त्याच्या निम्म्याहूनही कमी मिळतो. साधे ६०/५५ चे दोन हेडलाइट ९-१० अँपिअर घेतात, १००/९० चे घातले तर १६ च्या पुढे. त्यात पंखा, टेप आणि सेल्फने खाल्लेलं परत भरायचं. साधे बल्ब असतील तर तुमच्या वापरात बॅटरी पुरून उरेल. १०० वॅटचे असतील तर हेडलाइटला वेगळी रिले आणि बॅटरीवरून थेट फीड द्या. जुन्या स्विचमधून तो करंट जाऊ देऊ नका, उजेडही वाढेल. विहिरीवर थांबल्यावर गाडी आयडलला ठेवून हेडलाइटच्या उजेडात काम करायची सवय असेल तर ते जड जाईल, तिथे वेगळी बॅटरी ठेवा.

धुळ्याना_भाऊ

केळीवाला भाऊ, आरसीवर इंजिन नंबर चढाव का?

केळीवाला_यावल

काम चालू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलाला आरटीओची मंजुरी लागते आणि नवा नंबर आरसीवर यावा लागतो. एमएच १९ ची गाडी, जळगावला जावं लागेल. इंजिनाच्या जुन्या मालकाची कागदपत्रं आहेत. विमावाल्यालाही कळवणार.

रावेर_फाटा

माझ्या मावसभावाच्या जीपला पण डीआय बसवायचंय. अर्थिंग, बी प्लसची केबल आणि दिव्याची वायर, इंजिन उतरायच्या आधी सांगून ठेवतो. जुनी वायरिंग सोडवताना फोटो काढून ठेवायचे का?

भुसावळ_ऑटोइलेक्ट्रिक

काढा, आणि नव्या इंजिनाबरोबर अल्टरनेटरचा कपलर वीतभर वायरीसकट मागून घ्या, कापून देऊ देऊ नका. कुठली वायर कशाची ते रंगावरून कळतं, नवा कपलर शोधत जळगावभर फिरावं लागत नाही. इंजिन बसल्यावर, बॉनेट लावायच्या आधी, तीच चार मापं घ्या आणि आकडे दरवाजाच्या आतल्या बाजूला पेंटने लिहून ठेवा. पुढच्या वर्षी ड्रॉप वाढला तर कुठला जोड सैल झाला ते लगेच सापडेल.